अंटार्क्टिकातल्या मैत्री या भारतीय संशोधन केंद्रावर निघालेल्या गावच्या वायरमनला

आपल्याकडे यवतमाळच्या शिवारात मे महिन्यात कृषिपंपाच्या अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी ओतले की काम भागते. अंटार्क्टिकात मात्र गोठलेली जमीन वीज फारशी वाहूच देत नाही, म्हणून १९८९ पासूनच्या मैत्री केंद्रावर पोहोचताच न्यूट्रल-अर्थची जोडणी आणि आरसीसीबी (वीजगळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) स्वतः तपास. साध्या पीव्हीसी वायरचे आवरण कडाक्याच्या थंडीत वाकवताच तडकते. तेव्हा गुंडाळी आधी खोलीत ऊब घेऊ दे, घाई मुळीच करू नकोस. हवा इतकी कोरडी असते की स्वेटर काढताना ठिणगी उडते, त्यामुळे इलेक्ट्रॉनिक कार्ड उचलण्यापूर्वी अर्थ केलेल्या धातूला स्पर्श कर. डिझेल जनरेटरचा आवाज बदलला, तर मध्यरात्रीही उठून जा. मल्टिमीटर अंगालगतच्या खिशात ठेव, कारण थंडीत सेल दगा देतात.