विंडसर गुरुवारी बघा, विमा कंपनीत मात्र उद्याच जा

नाशिकचे एक वाचक नुकतेच खासगी कारखान्यातून निवृत्त झाले. वय ६०. पुढच्या महिन्यात दोघं नवरा-बायको इंग्लंड-स्कॉटलंडच्या ग्रुप टूरला निघालेत, खर्च दोघांचा मिळून ७ लाख. टूरमध्ये लंडनचा एक मंगळवार मोकळा आहे. त्या दिवशी कंपनी विंडसर कॅसलची ‘ऑप्शनल’ सहल देते, माणशी १४,५०० रुपये. टूर बुधवारी संपते, त्यानंतर शनिवारपर्यंत हे लंडनमध्ये भाच्याकडे राहणार. प्रश्न एवढाच, की कंपनीची सहल घ्यावी की आपली आपण ट्रेनने जावं? पत्नीचे गुडघे दुखतात, हे त्यांनी आवर्जून कळवलं आहे.

पत्र दोन पानी आहे. प्रश्न पहिल्या पानावर आणि घोटाळा दुसऱ्या पानावर. उत्तर मी त्यांना त्याच दिवशी ई-मेलने पाठवलं, कारण थांबायला वेळच नव्हता. इथे देतोय ते बाकीच्यांसाठी.

आधी विंडसर. मंगळवारची सहल घेऊ नका. विंडसर कॅसल एरवी मंगळवारी आणि बुधवारी पर्यटकांसाठी बंद असतो. तुम्ही माहितीपत्रकाचा फोटो जोडलात म्हणून कळलं. ‘विंडसर भेट’ या मोठ्या अक्षरांखाली बारीक अक्षरांत ‘फोटो स्टॉप’ असं छापलंय. म्हणजे बसमधून उतरायचं, भिंतीसमोर फोटो काढायचा, गावात चहा प्यायचा आणि परत. दोघांचे २९ हजार रुपये भिंत बघायला!

टूर संपल्यावर गुरुवारी जा. भाच्याला रजा मिळाली नाही तरी काही अडत नाही. वॉटर्लू स्टेशनवरून ‘विंडसर अँड ईटन रिव्हरसाइड’ला थेट गाडी आहे, साधारण तासाभराची. पण ते स्टेशन खाली नदीकाठी आहे आणि किल्ला वर टेकाडावर. गुडघ्यांसाठी दुसरा मार्ग बरा. पॅडिंग्टनवरून स्लाव, तिथे गाडी बदलून ‘विंडसर अँड ईटन सेंट्रल’. स्लाववरून पुढे पाच-सहा मिनिटांचाच प्रवास आहे आणि स्टेशनातून बाहेर पडलात की किल्ला समोर.

खर्च ढोबळ धरू. किल्ल्याचं तिकीट तीस-पस्तीस पौंड, ट्रेन येऊन-जाऊन पंधराच्या आसपास. पौंड १२० रुपयांना धरला तर माणशी ६ हजार, दोघांचे १२ हजार. जेवणखाण वेगळं, ते कंपनीच्या सहलीतही वेगळंच आहे. तिकीट आधी ऑनलाइन काढा, दारात महाग पडतं. कार्ड स्वाइप करताना मशीनने ‘रुपयांत की पौंडात’ विचारलं तर पौंड म्हणा. रुपयांत म्हणालात की भाव दुकानदाराच्या बाजूची बँक ठरवते आणि तो तुमच्या फायद्याचा नसतो.

आत तीन तास ठेवा. क्वीन मेरीचं बाहुलीघर चुकवू नका. आपली नवी दिल्ली आखणाऱ्या लट्यन्सनीच त्याचा आराखडा केलाय आणि त्या इवल्याशा घरात नळाला खरं पाणी येतं. राजमहालाच्या दालनांत फोटो काढू देत नाहीत, हे मात्र आधीच मनाशी धरून जा.

तर १७ हजार वाचले, तुमच्या प्रश्नाचं उत्तर झालं. आता दुसऱ्या पानाकडे येतो.

तिथे तुम्ही सहज लिहून गेलात: ‘खर्चाची काळजी नाही. फंड आणि ग्रॅच्युइटी मिळून ५८ लाख आलेत. ७ लाख टूरला. बँकेतल्या मॅडमनी ६ लाखांची गॅरंटीड एफडी करून दिली आहे, टॅक्स फ्री, वर विमाही फुकट. पुढच्या वर्षीचा हप्ता उरलेल्या पैशांच्या व्याजातून जाईल.’

एफडीला पुढच्या वर्षी हप्ता कसा असेल, हो? हे वाक्य लिहिताना तुमचा हात थांबायला हवा होता.

तुमच्या मेलमधल्या कागदाचं पहिलं पान बघा. ‘प्रीमियम पेइंग टर्म ७ वर्षे, पॉलिसी टर्म १५ वर्षे, वार्षिक प्रीमियम ६ लाख.’ ही एफडी नाही, आयुर्विम्याची पॉलिसी आहे. ६ लाख एकदा भरायचे नाहीत, सात वेळा भरायचेत, एकूण ४२ लाख. ते भरून झाल्यावर आणखी आठ वर्षं गप्प बसायचं. मग वयाच्या पंच्याहत्तरीत ७५ लाख मिळणार. मॅडम म्हणाल्या, ‘जवळजवळ दुप्पट’. हिशेब केला तर परतावा वर्षाला पाच टक्क्यांच्या आतच येतो. शिवाय १ एप्रिल २०२३ नंतर काढलेल्या अशा पॉलिसींचा एकूण वार्षिक हप्ता ५ लाखांच्या वर गेला की मुदतपूर्तीच्या रकमेतला नफा करपात्र होतो. तुमचा हप्ता ६ लाख. कर जाऊन हातात चार-सव्वाचार टक्के उरतील. ‘टॅक्स फ्री’चा निकाल तिथेच लागला. गंमत म्हणजे करसवलतीची तुम्हाला गरजच नाही. तुमच्या व्याजाच्या उत्पन्नावर नव्या करप्रणालीत एरवीही कर बसत नाही.

त्या ७५ लाखांत नातवाचं इंजिनिअरिंग करायचं तुम्ही ठरवून टाकलंय. महागाई सहा टक्के धरा. पंधरा वर्षांनंतरचे ७५ लाख म्हणजे आजचे ३१ लाख. नातवाला आत्तापासून सांगू नका.

पण परतावा कमी हे त्यातलं लहान दुखणं. मोठं दुखणं हे, की तुम्ही ही पॉलिसी पूर्ण करूच शकत नाही. ५८ मधून टूरचे ७ आणि पहिल्या हप्त्याचे ६ गेले, उरले ४५ लाख. त्यांचं व्याज साडेसात टक्क्यांनी वर्षाला ३.४ लाख. घरखर्च तुम्हीच ४५ हजार महिना लिहिलाय, म्हणजे ५.४ लाख. पीएफच्या पेन्शनचे महिना तीन हजार येतात, त्यातून वीज आणि गॅस निघेल. व्याज घरखर्चालाच पुरत नाही आणि तुम्ही त्यातून ६ लाखांचा हप्ता काढणार! दरवर्षी ८ लाख मुद्दलातून जातील. मुद्दल घटलं की व्याज घटणार, महागाईने खर्च वाढणार. मी पाच मिनिटांत मांडून बघितलं. पाचव्या वर्षी खातं कोरडं होतं आणि तेव्हाही हप्ते शिल्लकच असतात. मग पॉलिसी मोडायची आणि भरल्यापेक्षा कमी घेऊन घरी यायचं. हे गणित तुमच्यासमोर मांडायला बँकेतल्या कोणाला सवड झाली नाही, कारण पहिल्या हप्त्यावरचं कमिशन तुमच्या पाचव्या वर्षाची वाट बघत नाही.

आता चांगली बातमी. पॉलिसी ई-मेलवर येऊन अठरा दिवस झालेत. विम्याची कागदपत्रं हातात पडल्यापासून ३० दिवसांचा ‘फ्री लूक’ काळ असतो. पटलं नाही तर पॉलिसी परत करता येते. थोडे दिवस मिळालेल्या विम्याचे पैसे, वैद्यकीय तपासणी झाली असल्यास तिचा खर्च आणि स्टँप ड्यूटी कापून बाकी रक्कम परत मिळते. तुमच्याकडे बारा दिवस आहेत आणि विमान दहाव्या दिवशी आहे. लंडनहून परत आल्यावर बघू म्हणालात तर ६ लाख अडकले. टूरच्या बॅगा भरायच्या आधी हे काम करा.

उद्या सकाळी विमा कंपनीच्या शाखेत जा. बँकेत नंतर जा, पॉलिसी विमा कंपनीची आहे. साध्या कागदावर पॉलिसी क्रमांक घालून लिहा, की फ्री लूक काळात पॉलिसी रद्द करत आहे, रक्कम अमुक खात्यात जमा करावी. रद्द केलेला चेक आणि ओळखपत्राची प्रत जोडा. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का, सही आणि तारीख घेतल्याशिवाय उठू नका. तोच मजकूर कंपनीच्या ग्राहक सेवेच्या ई-मेलवरही पाठवा, म्हणजे तारखेचा पुरावा दोन ठिकाणी राहील. मग बँकेत जाऊन मॅडमना कळवा.

मॅडम फोन करतील. आधी ‘साहेब, पैसे बुडतील’ म्हणतील, मग ‘दुसऱ्या प्लॅनमध्ये बदलून देते’, शेवटी ‘माझं टार्गेट आहे हो’. तिन्हींना एकच उत्तर, अर्ज दिला आहे. दुसऱ्या प्लॅनमध्ये बदलून अजिबात घेऊ नका, तिथे पुन्हा हप्तेच असतील.

एक गोष्ट आणखी बघा. प्रपोजल फॉर्मच्या, म्हणजे पॉलिसीसाठी भरलेल्या अर्जाच्या, तिसऱ्या पानावर तुमचा व्यवसाय ‘कन्सल्टंट’ आणि वार्षिक उत्पन्न १२ लाख भरलंय. तुम्ही निवृत्त आहात. हे कोणी भरलं? तुम्ही लिहिता, की टॅबवर सही घेतली आणि ‘कंपनीचा फोन येईल, सगळ्याला हो म्हणा’ असं सांगितलं. अशा फोनवर ‘दरवर्षी हप्ता भरायचा आहे, माहीत आहे ना’ हा प्रश्न असतो. त्यालाही तुम्ही हो म्हणालात. त्या पानाची प्रत जपून ठेवा.

पैसे परत आले की ५१ लाख होतील. त्यातले ३० लाख सीनियर सिटिझन सेव्हिंग्ज स्कीममध्ये टाका, पोस्टात किंवा बँकेत. सध्या ८.२ टक्के मिळतात, म्हणजे दर तिमाहीला ६१,५०० रुपये खात्यात. पाच वर्षांची मुदत, सरकारची हमी. ज्या गॅरंटीच्या शोधात तुम्ही मॅडमपर्यंत पोचलात ती इथे आहे. फक्त ती विकायला कोणी घरी येत नाही. ६ लाख साध्या एफडीत ठेवा, आजारपण आणि अडीनडीला. उरलेल्या १५ मधले दहाएक लाख हळूहळू इक्विटीचा, म्हणजे शेअर्सचा, अंश असलेल्या म्युच्युअल फंडात टाका आणि सात-आठ वर्षं हात लावू नका. परतावा भाचा बारा टक्के सांगतो, तुम्ही नऊ धरा. सहा मिळाले तरी घर चाललं पाहिजे अशा बेताने खर्च ठेवा. राहिलेले पाच लाख अजून एका गोष्टीसाठी लागतील.

ती गोष्ट म्हणजे आरोग्य विमा. तुमच्या पत्रात त्याचा उल्लेखच नाही, म्हणून मी उलट मेल करून विचारलं. उत्तर आलं, ‘कंपनीचा होता, निवृत्तीबरोबर संपला.’ तुम्हाला बीपी, पत्नीला मधुमेह आणि गुडघे, तरी दोघांना विमा नाही! ज्या विम्याची गरज नव्हती त्याला ६ लाख दिलेत. मुलं कमावती आहेत, आयुर्विमा तुम्हाला कशाला हवा? हवा तो विमा मात्र तुम्ही कुणाकडे मागितलाच नाही.

१९९२ च्या नोव्हेंबरमध्ये याच विंडसर कॅसलला आग लागली, तेव्हा त्याचाही विमा नव्हता. दुरुस्तीला साडेछत्तीस दशलक्ष पौंड लागले. त्यातला मोठा वाटा उभा करायला बकिंगहॅम पॅलेस उन्हाळ्यात तिकीट लावून लोकांना खुला केला. राणीकडे दुसरा राजवाडा होता. तुमच्याकडे नाशिकचा टू बीएचके आहे.

जुन्या ग्रुप पॉलिसीच्या विमा कंपनीकडे आधी जा. ग्रुपमधून वैयक्तिक पॉलिसीत जाण्याची सोय असते आणि त्यात आधीची वर्षं धरली जातात. हे निवृत्तीच्या आधी करायचं असतं, पण विचारायला पैसे पडत नाहीत. नाही जमलं तर नवी पॉलिसी घ्या. बीपी आणि मधुमेह फॉर्मवर लिहा, लपवू नका. आधीच्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. म्हणून ते पाच लाख बाजूला ठेवायला सांगितले.

टूरसाठी प्रवास विमा घेतलाय का, तेही तपासा. टूरच्या किमतीत असतो, पण किती रकमेचा आणि आधीचे आजार धरून की वगळून, हे वाचा. इंग्लंडच्या सरकारी रुग्णालयात परदेशी पाहुण्यांना उपचारांचं बिल येतं आणि ते तिथल्या ठरलेल्या दराच्या दीडपट असतं. औषधं पूर्ण मुक्कामाची घ्या, डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट, आणि ती हातातल्या बॅगेत ठेवा.

पैसे वेळेत जमा झाले नाहीत तर कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लेखी कळवा. तिथे दाद लागली नाही तर विमा नियामकाच्या ‘बीमा भरोसा’ पोर्टलवर तक्रार टाका आणि तरीही हलले नाहीत तर विमा लोकपालाकडे जा. तिथे वकील लागत नाही, फी नाही. प्रपोजल फॉर्मचं ते तिसरं पान तेव्हा सगळ्यात वर लावा.