१३ संघ बदललेला बास्केटबॉलपटू अपयशी म्हणावा का?

आपला मुलगा अकरावीत आहे, एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगमध्ये खेळलेला इश स्मिथ हा त्याचा आदर्श आहे, त्याला बास्केटबॉलवरच पोट भरायचे आहे आणि ‘ज्याला १३ संघांनी ठेवून घेतले नाही, त्याच्याकडून मुलाने काय शिकायचे?’ असा आपला प्रश्न आहे. मी नागपूरकडून गार्ड म्हणून, म्हणजे चेंडू पुढे नेऊन साथीदारांना पास देणारा खेळाडू म्हणून, खेळलो, पुढे क्रीडा कोट्यातून नोकरीला लागलो आणि आता ऊन चढण्याआधी सिमेंटच्या कोर्टवर मुलांना शिकवतो. त्यामुळे माझे मत स्मिथकडे झुकलेले असणार, हे गृहीत धरूनच वाचावे.

‘ठेवून घेतले नाही’ हे अर्धेच खरे आहे. एनबीएत संघ आपापसांत करारांची देवाणघेवाण करतात, दोन्ही बाजूंच्या पगारांचा मेळ नियमात बसवावा लागतो, आणि बदलीला नकार देण्याचे कलम करारात घालून घेण्याइतका खेळाडू मोठा नसेल तर त्याला कोणी विचारतही नाही. अनेकदा दोन बड्या खेळाडूंच्या सौद्यात हिशेब जुळावा म्हणून तिसऱ्याचे नाव टाकले जाते आणि त्याला दोन दिवसांत विंचवासारखे बिऱ्हाड पाठीवर घेऊन दुसरे शहर गाठावे लागते. त्याच्याही खालची पायरी म्हणजे दहा दिवसांचा करार. तो जानेवारीच्या सुरुवातीपासून करता येतो आणि एका हंगामात एकाच संघाबरोबर फार तर दोनदा होतो; त्यानंतर संघाने एकतर उरलेल्या हंगामासाठी घ्यायचे, नाहीतर सोडून द्यायचे.

स्मिथची उंची जेमतेम सहा फूट. २०१० च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात त्या वार्षिक निवडीत, ६० खेळाडू निवडले गेले, त्यांत तो नव्हता. तरीही ह्यूस्टनच्या संघाने त्याला घेतले आणि तिथून त्याची भ्रमंती सुरू झाली. त्यातला फिलाडेल्फियाचा प्रसंग मी माझ्या मुलांना नेहमी सांगतो. २०१५ च्या हंगामाचा शेवट त्याने तिथेच खेळून केला होता, पण उन्हाळ्यात त्या संघाने त्याला राखले नाही. डिसेंबरपर्यंत फिलाडेल्फियाने ३१ पैकी ३० सामने गमावले होते; नर्लेन्स नोएल आणि जलील ओकाफोर हे उंच, तरुण खेळाडू बास्केटखाली उभे असायचे, पण त्यांच्यापर्यंत वेळेवर चेंडू पोहोचवणारा कोणी नव्हता. तेव्हा ज्याला काही महिन्यांपूर्वी फुकट जाऊ दिले, त्याच माणसाला ड्राफ्टच्या दुसऱ्या फेरीत खेळाडू निवडण्याचे आपले दोन हक्क न्यू ऑर्लीन्सला देऊन त्यांनी परत आणले. संघ त्यानंतरही हरतच राहिला, हे खरे. पण आपल्याला नेमके काय हवे आहे हे त्यांना कळले होते. पुढे डेन्व्हर हा स्मिथचा तेरावा संघ ठरला, तो एनबीएतला विक्रम झाला आणि २०२३ मध्ये त्याच संघाबरोबर त्याला विजेतेपद मिळाले. त्या प्लेऑफमध्ये, म्हणजे विजेतेपद ठरवणाऱ्या बाद फेऱ्यांत, तो जवळजवळ बाकावरच होता, हेही मुलाला सांगावे.

या खेळाडूंचे खरे कौशल्य टीव्हीवर दिसत नाही. एकदा विदर्भातल्याच एका स्पर्धेत मी ऐनवेळी पाहुणा खेळाडू म्हणून गेलो होतो. रात्रभर एसटीने प्रवास केला. सकाळी कर्णधाराने विटेच्या तुकड्याने जमिनीवर पाच चाली काढून दाखवल्या आणि संध्याकाळी मी दुसऱ्याच्या जर्सीवर चिकटपट्टीने आकडा लावून उतरलो. आमच्या संघात ज्या चालीला ‘चार’ म्हणत, तिला तिथे ‘एक’ म्हणत. कर्णधार ‘एक’ म्हणून ओरडला, माझे पाय सवयीने डाव्या कोपऱ्याकडे वळले आणि त्याने टाकलेला पास मी जिथे असायला हवे होते त्या रिकाम्या जागेवरून थेट प्रेक्षकांत गेला. स्मिथने अशा चाली तेरा ठिकाणी नव्याने पाठ केल्या. (माझे निम्मे मानधन अजून यायचे आहे. परदेशी लीगमध्येही पैसे बुडतात, पण करारात तसे कलम असेल तर जिनिव्हाच्या बास्केटबॉल लवादाकडे दाद मागता येते. आमच्या करारात कलम कुठले, करारच नव्हता.)

आता आपली खरी काळजी. असा फिरता खेळाडू जगायला अनेक संघांचा बाजार लागतो आणि भारतात तो अजून उभा राहिलेला नाही. यूबीए ही व्यावसायिक लीग २०१५ मध्ये सुरू झाली, तिच्यात ‘पुणे पेशवा’ नावाचा संघही होता, पण २०१७ नंतर ती थांबली. २०१५ च्या एनबीए ड्राफ्टमध्ये डॅलसने ५२ व्या क्रमांकावर निवडलेला आपल्याकडचा सतनाम सिंग एनबीएचा एकही सामना खेळू शकला नाही. आपल्याकडे खेळाडूचे घर आजवर चालले ते रेल्वे, सेनादल, ओएनजीसी, बँका यांच्या संघांतल्या नोकरीवर.

म्हणून मुलाला अडवू नये, पण त्याची स्पर्धांची प्रमाणपत्रे आजपासून एका फाइलमध्ये लावावीत. राज्य शासनाच्या नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे. मात्र प्रमाणपत्राची पडताळणी विभागीय क्रीडा उपसंचालकांच्या कार्यालयातून करून घ्यावी लागते, आणि मूळ कागद हरवलेली मुले दरवर्षी माझ्याकडे रडवेली होऊन येतात.