शिक्का शेवटी बघा, आधी बोचं डोकं बघा

ताई, मुलगी लंडनमध्ये व्हायोलिन शिकतेय, लिलावात ‘सार्तोरी’ या कारागिराच्या शिक्क्याचा जुना फ्रेंच बो, म्हणजे व्हायोलिन वाजवायचा गज, आलाय, अंदाजित भाव दुकानातल्या भावाच्या निम्माही नाही, घ्यावा का, असं तुम्ही विचारलंय. मी उलट विचारेन: इतका स्वस्त का?

यूजेन सार्तोरी (१८७१–१९४६) मूळचा मिरकूरचा, म्हणजे फ्रान्समधलं बो बनवणाऱ्यांचं गावच ते. पॅरिसला त्याने आल्फ्रेड लामी या बो-कारागिराकडे काम केलं. त्याच्या बोच्या नकला तो जिवंत असतानाच निघायला लागल्या. शिवाय फ्रेंच बोवर शिक्का असला म्हणजे त्याच हाताने काठी तासली, असंही नाही. पॅरिसचा व्हायोलिनवाला व्हियोम, त्याच्या नावाचे कितीतरी बो त्याच्याकडे राबणाऱ्या कारागिरांनी केलेत, त्यात पुढे स्वतः नावाजलेला दोमिनिक पेकातसुद्धा होता. म्हणून शिक्का मी सगळ्यात शेवटी बघतो.

आधी डोकं, म्हणजे बोचं पुढचं टोक. माझा पहिला ‘जुना फ्रेंच’ बो एका दुकानातून घेतला, नाव सांगत नाही. वाजायला झकास. दोन वर्षांनी बोचे घोड्याचे केस बदलायला दिला तर कारागिराने केस काढून डोकं दिव्याखाली तिरकं धरलं आणि मला जवळ बोलावलं. डोक्याच्या मागून, केस बसतात त्या खाचेकडे, केसाएवढी रेघ उतरत होती, आणि तिच्यावर आडवी लाकडाची पातळ पट्टी इतक्या सफाईने बसवलेली की नख फिरवल्यावरच कळावी. डोकं मोडून जोडलेलं होतं. वाजवायला काही बिघडत नाही, पण विकायला गेलात तर किंमत मूळच्या लहानशा हिश्श्यावर येते. मी पूर्ण किंमत मोजली होती!

मग फ्रॉग, म्हणजे हाताकडचा केस धरणारा ठोकळा, आणि केस ताणायचा मागचा स्क्रू. ते मूळचेच आहेत का, हे विचारा. बदललेले असले तर भाव उतरायलाच हवा. केस सैल करून फ्रॉगकडून टोकाकडे एक डोळा मिटून बघा, काठी एका बाजूला वळलेली लगेच दिसते. वजन साधारण ६० ग्रॅमच्या आसपास असतं, पण त्या आकड्यावर जाऊ नका. तोल बिघडला तर ५८ ग्रॅमचा बोही हाताला जड लागतो. तिला तिच्याच व्हायोलिनवर आठवडाभर वाजवू द्या, आणि शक्यतो शिक्का कागदाने झाकून. लिलावात ही सोय नसते, आणि बोलीवर लिलावघराचं कमिशन वेगळं चढतं. मुलगी लंडनमध्येच आहे तर लिलावाआधी वस्तू बघू देतात त्या दिवशी जाऊन निदान तासभर तरी वाजवून यावं.

कागद? पॅरिसच्या जाणकाराचं, म्हणजे राफँसारख्याचं प्रमाणपत्र असेल तर निम्म्या शंका मिटतात. पण त्यातला फोटो समोरच्या बोशी ताडून बघा, लाकडाच्या रेषांसकट.

टोकाची पट्टी हस्तिदंती आहे का, हेही विचारा. ब्रिटनमध्ये २०२२ पासून जुन्या वाद्यातलं हस्तिदंतही नोंदणी केल्याशिवाय विकता येत नाही. ही नोंदणीही वाद्य १९७५ पूर्वीचं आणि त्यातलं हस्तिदंत २० टक्क्यांपेक्षा कमी असेल तरच होते. पुढे सुट्टीत बो घेऊन ती पुण्याला येणार असेल तर हस्तिदंतावरून सीमेवर अडचण नको म्हणून पट्टी आधीच हाडाची करून घ्या, काम छोटं आहे.

आता लिलाववाल्यांकडून डोक्याचे दोन्ही बाजूंचे फोटो आणि दुरुस्तीचा लेखी अहवाल मागवा. अहवालात डोक्याबद्दल अवाक्षर नसेल, तर फोन करून सरळ विचारा.