गरीब फंडाची वही

इंदूर, डिसेंबर

प्रिय बाळा,
प्रभूच्या नावात सलाम.

तुझं पत्र परवा मिळालं. आपल्या चर्चच्या मंडळीने गरीब फंड तुझ्याकडे सोपवला हे वाचून बरं वाटलं आणि जरा धास्तीही वाटली. ती वही सहा वर्षं माझ्याकडे होती आणि तिच्यात माझ्या चुकाही आहेत. तुझ्या तीन प्रश्नांपैकी दोन आधी उरकते.

दशांश मंडळीला द्यावा की गरिबाला? बायबलातल्या 'अनुवाद' या पुस्तकाचा चौदावा अध्याय काढ. दर तिसऱ्या वर्षाचा दशांश गावातच ठेवायचा आणि लेवी (म्हणजे देवाच्या सेवेतले लोक), परका, अनाथ, विधवा यांनी तो पोटभर खायचा, असं तिथे आहे. लेवी आणि विधवा एकाच पंगतीला. तेव्हा पाळकसाहेबांचा पगार आणि म्हातारीचं रेशन यांच्यात भांडण लावू नकोस. पैसे कमी पडले तर नवा माइक पुढच्या वर्षी घेता येईल.

सिग्नलवर द्यावं का? आपल्याकडे १ जानेवारी २०२५ पासून भीक देणाऱ्यावरही गुन्हा नोंदवायचा आदेश निघाला आणि त्याच महिन्यात खंडवा रोडवर देवळापाशी दहा रुपये दिले म्हणून एकावर तो नोंदवलाही गेला. मग 'जो मागतो त्याला दे' या वचनाचं काय, असं तू विचारतेस. लहान पोरांना भीक मागायला उभं करणारे असतात, त्यामुळे आदेशामागची काळजी खोटी आहे असं मी म्हणणार नाही. देणाऱ्याला गुन्हेगार ठरवणं मात्र माझ्या गळी उतरत नाही. पण खरं सांगू? काच खाली करून आपण दहाची नोट देतो ती बहुतेक वेळा तो माणूस डोळ्यांसमोरून जावा म्हणूनच. प्रभूचा शिष्य पेत्र, त्याच्याजवळ सोनंरुपं नव्हतं, तरी तो त्या पांगळ्यापाशी थांबला, 'आमच्याकडे पाहा' म्हणाला आणि उजवा हात धरून त्याला उठवलं. थांबायला, नाव विचारायला, निवारागृहापर्यंत सोबत जायला कुणाची बंदी नाही. त्याला वेळ लागतो, म्हणून ते अवघड.

आता तुझा तिसरा प्रश्न. नाताळच्या आठवड्यात एमवायच्या, त्या मोठ्या सरकारी दवाखान्याच्या, बाहेर ब्लँकेटं वाटावीत का?

आम्ही वाटली होती. चाळीस. तुला एमवायचं आवार माहीत आहे. झाबुआ, अलिराजपूर, बडवानीकडून पेशंट येतात, आणि नातेवाईक बाहेर तीन विटा मांडून रोट्या शेकतात, तिथेच झोपतात. थंडी मरणाची होती. कडेला एक बाई पोराला मांडीवर घेऊन बसली होती. मी तिच्या हातात ब्लँकेट दिलं आणि आमच्यातला एक जण मोबाइल धरून म्हणाला, "इधर देखो." तिने पदर पुढे ओढला. तो पुन्हा म्हणाला. तेव्हा ती हळूच म्हणाली, "फोटू मत लो, गाँव में देखेंगे." तरी फोटो काढलाच. मी तिथेच उभी होते, अडवलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तेच ब्लँकेट चहावाल्याच्या खांद्यावर दिसलं. माझा संताप झाला, 'यांना द्यावं तर विकून खातात' वगैरे. चहावालाच म्हणाला, "सिस्टर, उसके आदमी की छुट्टी हो गई थी, बस का किराया नहीं था." तिला बडवानीला जायचं होतं. रात्री मी तिला विचारलं असतं तर तिकिटाचे पैसे देता आले असते आणि ब्लँकेट दुसऱ्या कुणाला मिळालं असतं. तीस वर्षं नर्स होते मी. कुठे दुखतंय हे विचारल्याशिवाय कधी सुई टोचली नाही, आणि इथे सरसकट चाळीस ब्लँकेटं!

यरीहोच्या वाटेवरचा बार्तीमय आठव. आंधळा माणूस, रस्त्याच्या कडेला भीक मागतोय, त्याला काय हवं असेल हे शेंबड्या पोरालाही कळेल. तरी प्रभू त्याला विचारतो, "मी तुझ्यासाठी काय करावे अशी तुझी इच्छा आहे?" हे वाक्य मी नंतर वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं. शाई फिकी झाली असेल, तू गिरव.

दुसरी चूक याहून वाईट. फंडासाठी अर्ज आला की आम्ही घरी जाऊन चौकशी करायचो. एका विधवेच्या घरी मी बोलता बोलता पिठाच्या डब्याचं झाकण उघडून पाहिलं, खरंच रिकामा आहे का म्हणून. डबा रिकामाच होता. तिचा दहा-अकरा वर्षांचा मुलगा दाराशी उभा राहून माझ्या हाताकडे बघत होता. त्याला पुढे मंडळीत पाहिलं की मी दुसरीकडे बघायचे.

अनुवाद चोविसाव्यात एक नियम आहे, त्यावर प्रवचन मी तरी कधी ऐकलं नाही. शेजाऱ्याला उसनं दिलंस तर गहाण घ्यायला त्याच्या घरात शिरू नकोस. तू बाहेर उभा राहा, तो स्वतः बाहेर आणून देईल. तो गरीब असेल आणि त्याने पांघरूण गहाण ठेवलं असेल तर दिवस मावळता ते परत कर. देणाऱ्याने उंबऱ्याच्या बाहेर थांबायचं. घर त्याचं आहे, तुझ्या पैशाने ते तुझं होत नाही. चौकशी करावी लागेलच, फंड लोकांचा आहे. पण ती चार शब्द बोलून कर, डबे उघडून नको. टीव्ही दिसला म्हणून नाव खोडू नकोस. तो तिच्या नवऱ्याने बऱ्या दिवसांत घेतलेला असेल.

तसाच सरवा. आपल्या माळव्यात गहू निघाल्यावर बाया पडलेल्या ओंब्या वेचतात, इथले लोक 'सिला बीनना' म्हणतात, ते तू लहानपणी पाहिलं असशील. बायबलातल्या 'लेवीय' पुस्तकाच्या एकोणिसाव्या अध्यायात मालकाला ताकीद आहे की शेताचे कोपरे कापायचे नाहीत, पडलेलं वेचायचं नाही. रूथ ही गरीब विधवा ज्याच्या शेतात सरवा वेचायला गेली, तो बवाज त्याच्याही पुढे गेला. मजुरांना म्हणाला, पेंढ्यांतून मुद्दाम काही गळू द्या आणि तिला धमकावू नका. संध्याकाळी रूथने झोडलं तर एफाभर (एफा हे धान्याचं जुनं माप) सातू निघाले. घरी नेले ते तिच्या कष्टाचे. बवाजच्या पुढे तिला हात पसरावा लागला नाही. पगारदार माणसाला कोपरा कुठून आणायचा? धुणंभांड्याची बाई आजारी पडली तर तिचा पगार कापू नकोस. भाजीवालीशी दोन रुपयांसाठी घासाघीस नको. आणि मजुरी दिवस मावळायच्या आत दे, तोही त्याच चोविसाव्या अध्यायातला नियम आहे. नाताळला पाचशेचं अर्पण टाकून रंगाऱ्याला पंधरा दिवस हेलपाटे घालायला लावणारे आपल्या बाकावरच बसतात.

रेशनच्या पिशवीत बायबलच्या वचनांची पत्रिका ठेवावी का, असं तरुण संघाने विचारलंय म्हणे. ठेवू नका. आपल्या राज्यात १९६८ पासून धर्मस्वातंत्र्याचा कायदा आहे, २०२१ मध्ये तो नव्याने आला, आणि भेटवस्तू देणं प्रलोभनात मोडू शकतं. पण कायदा नसता तरी मी हेच म्हटलं असतं. डाळीबरोबर वचन दिलं की उपाशी माणसाला 'नको' म्हणायची सोय उरत नाही. कुणी विचारलं, तू हे का करतेस, तर तेव्हा सांग. लाजू नकोस.

सिस्टर राणी मारिया आपल्या मंडळीच्या नव्हत्या, कॅथलिक जोगीण होत्या. देवास जिल्ह्यातल्या उदयनगरकडे त्यांनी भूमिहीनांना बचतीची सवय लावली, सावकाराच्या व्याजातून सोडवलं. २५ फेब्रुवारी १९९५ ला इंदूरला येणाऱ्या बसमध्ये त्यांना भोसकून मारलं. ब्लँकेट वाटणाऱ्यावर कुणी सुरा उगारत नाही. तू तिथवर जावंस असं मी म्हणत नाही, पण फंडातून कुणाचं व्याजाचं कर्ज फिटत असेल तर दहा घरांच्या रेशनपेक्षा आधी ते बघ.

हिशेब एकटीने ठेवू नकोस. प्रेषित पौलानेसुद्धा यरुशलेमेच्या गरिबांसाठी जमवलेली रक्कम नेताना सोबत माणसं घेतली, बोट दाखवायला जागा राहू नये म्हणून. दोघींच्या सह्या कर. वहीत 'अंगठा' असा रकाना आहे तो मात्र काढून टाक. उपासनेनंतर सगळ्यांसमोर अंगठे उठवायची ती पद्धत मीच सुरू केली होती.

शनिवारी दुपारी वही घेऊन ये. येताना मटार आण. सोलता सोलता एकेक नाव बघू. कोणाकडे कोणत्या वेळी जायचं आणि कोणाच्या दारात मुळीच थांबायचं नाही, ते कागदावर लिहिण्यासारखं नाही.

तुझी,
मावशी