हरवलेलं पुस्तक, अकरा हजारांची मागणी आणि अडकलेली सनद

प्रश्न : मॅडम, मी सातारा जिल्ह्यातली. एका विद्यापीठाच्या विधी विभागातून यंदा, २०२५ मध्ये, तीन वर्षांचं एलएलबी पूर्ण केलं. वकिलीच्या सनदेचा अर्ज करायचा म्हणून ‘नो ड्यूज’चा कागद घेऊन फिरले. हॉस्टेल, लेखा विभाग, परीक्षा विभाग, सगळ्यांच्या सह्या झाल्या आणि ग्रंथालयात अडले. ७ ऑगस्ट २०२३ ला माझ्या कार्डावर दिलेला भारतीय दंड संहितेवरचा टीकाग्रंथ (कलमवार भाष्याचं पुस्तक) परत आलेला नाही म्हणे. खरं सांगायचं तर तो मी मैत्रिणीसाठी काढला होता. ‘अगं, मी तेव्हाच काउंटरवर ठेवला’ असं ती सांगते. पावती नाही. ग्रंथालयाने किमतीच्या तिप्पट ४,३५० रुपये आणि २१ ऑगस्ट २०२३ पासून ३० जून २०२५ पर्यंत रोज १० रुपयांप्रमाणे ६,७९० रुपये, असे एकूण ११,१४० रुपये मागितले आहेत. ते भरेपर्यंत टीसी आणि शेवटच्या वर्षाचं गुणपत्रक मिळणार नाही. प्रवेशाच्या वेळी घेतलेली बी.ए.ची मूळ गुणपत्रकंही अजून त्यांच्याचकडे आहेत. एका कर्मचाऱ्याने तर ‘पोलिसात देऊ’ असंही सुनावलं. पुस्तक मी स्वतः परत केलं असं प्रतिज्ञापत्र करून दिलं तर सुटेन का? आणि आता विद्यार्थी नसताना ते ग्रंथालय मला वापरता येईल का?

उत्तर :

प्रतिज्ञापत्राचं आधी बोलते, कारण बाकीचं सगळं पैशाचं आहे. ते करू नका. पुस्तक तुम्ही परत केलेलं नाही, मैत्रिणीने केल्याचं तुम्ही ऐकलंय, एवढंच तुम्हाला ठाऊक आहे. खोटं शपथेवर लिहून देणं हा गुन्हा आहे, आणि ॲडव्होकेट्स ॲक्टच्या कलम २४-ए प्रमाणे नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात शिक्षा झाली तर सुटकेनंतर दोन वर्षं होईपर्यंत सनद मिळत नाही. १,४५० रुपयांच्या पुस्तकासाठी वकिलीची सुरुवात खोट्या शपथेने कशाला करता?

आता पुस्तक शोधा. हसू नका. आम्ही शिकत असताना वर्गातल्या एकाकडून पुस्तकाची भरपाई वसूल झाली आणि पुढच्या उन्हाळ्यात रंगकामासाठी कपाट सरकवलं तेव्हा ते पुस्तक मागच्या भिंतीला टेकून उभं सापडलं. काउंटरवर ठेवलेलं पुस्तक संगणकावर ‘परत’ न नोंदवता थेट कपाटात जाणं ही ग्रंथालयातली अगदी रोजची गोष्ट आहे. मागणीपत्रावर पुस्तकाचा दाखल अंक, म्हणजे ग्रंथालयाने त्या प्रतीला दिलेला क्रमांक, असेल. तो घेऊन ग्रंथपालांना लेखी विनंती करा की तुमच्या समक्ष फौजदारी कायद्याची कपाटं आणि बाइंडिंगला काढलेले गठ्ठे बघू द्यावेत. त्याच ग्रंथाच्या चार प्रती असतील तर चारही उघडून आतला दाखल अंक आणि मागच्या तारखांच्या चिठ्ठीवरचे शिक्के बघा. ७ ऑगस्ट २०२३ च्या नंतरचा शिक्का त्या प्रतीवर निघाला तर विषय तिथेच संपला. त्या पानाचा लगेच फोटो घ्या.

पुस्तक सापडलं नाही, तर जबाबदारी तुमची. इथे तुमची बाजू दुबळी आहे आणि ते मी गोड करून सांगणार नाही. ग्रंथालयाने पुस्तक देणं म्हणजे करार कायद्यातलं बेलमेंट (परत करायच्या अटीवर वस्तू ताब्यात देणं), कलम १४८. ज्याच्या हाती वस्तू दिली त्याने ती आपल्या वस्तूसारखी जपायची, आणि तशी जपूनही ती गेली तर कलम १५२ त्याला वाचवतं. पण तुम्ही ती दुसरीच्या हाती दिलीत. ‘कार्ड अहस्तांतरणीय आहे’ हे वाक्य कार्डाच्या मागे छापलेलं असतंच. दिल्या कामाबाहेर वस्तू वापरली की कलम १५४ लागतं, आणि मुदतीत परत न केल्यास कलम १६१ प्रमाणे त्यानंतरचं नुकसान घेणाऱ्याच्या माथी येतं, मग त्याने कितीही जपलेलं असो. ग्रंथालयाचा दावा मुदतबाह्य ठरेल अशी आशाही धरू नका. अशा दाव्याला तीन वर्षांची मुदत असते आणि ती अजून संपलेली नाही. मैत्रिणीने ‘मी काउंटरवर ठेवलं’ असं व्हॉट्सॲपवर लिहिलं असेल तर ते पुसू नका. ग्रंथालयाविरुद्ध त्याचा उपयोग थोडा, तिच्याकडून अर्धे पैसे मागताना जास्त.

पुस्तकाची किंमत देणं लागता, हे ठीक. पण ११,१४० रुपये देणं लागता का? माझ्या मते नाही.

करार कायद्याच्या कलम ७४ मध्ये असं आहे की करारात दंडाची रक्कम लिहिलेली असली तरी मिळते ती ‘वाजवी भरपाई’, आणि लिहिलेली रक्कम ही तिची कमाल मर्यादा. सर्वोच्च न्यायालयाने १९६३ च्या फतेहचंद खटल्यात हे सांगितलं, आणि २०१५ च्या कैलाशनाथ असोसिएट्स खटल्यात आणखी स्पष्ट केलं की नुकसान झालेलंच नसेल तर भरपाईही नाही. विद्यापीठ म्हणेल की हा करार नाही, नियम आहे. म्हणू द्या. पण मग तो नियम कोणत्या प्राधिकरणाने, कोणत्या तारखेला मंजूर केला आणि तुमच्या वर्षाच्या माहितीपुस्तिकेत तो होता का, हे दाखवायची जबाबदारी त्यांच्यावर येते. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम, १९६७ मध्ये तुम्हाला याचं उत्तर सापडणार नाही, तो गावोगावच्या सार्वजनिक ग्रंथालयांसाठी आहे. विद्यापीठाच्या ग्रंथालयाचे नियम विद्यापीठ स्वतःच करतं, आणि बरेचदा ते काउंटरमागच्या भिंतीवर पिवळ्या पडलेल्या एका झेरॉक्सवर असतात. तिच्यावर सही कुणाची, तारीख कोणती, ते बघा.

रोजच्या दंडाचं म्हणाल तर ६७९ दिवस ग्रंथालय काय करत होतं? त्या काळात त्यांनी तुम्हाला दुसरी पुस्तकं दिली असतील, चार सत्रांचे परीक्षा अर्ज भरून घेतले असतील. एक एसएमएस, एक स्मरणपत्र तरी? कलम ७३ च्या स्पष्टीकरणात म्हटलंय की भरपाई ठरवताना, गैरसोय दूर करायला हाताशी काय उपाय होता तेही बघायचं. दोन महिन्यांत त्यांनी नवी प्रत घेऊन टाकली असेल तर उरलेल्या दीड वर्षाच्या दंडाला आधार काय? आणि एकाच पुस्तकाबद्दल ‘हरवलं’ म्हणून तिप्पट किंमत आणि ‘उशीर झाला’ म्हणून रोजचा दंड, हे दोन्ही एकत्र कसं चालेल? हरवलेलं पुस्तक उशिरा येत नाही, ते येतच नाही.

पुस्तकही बघा कोणतं. १ जुलै २०२४ पासून दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. जुन्या गुन्ह्यांचे खटले दंड संहितेखालीच चालणार, म्हणून तो ग्रंथ रद्दी झाला असं मी म्हणणार नाही, माझ्याच टेबलावर त्याची एक प्रत आहे. पण बाजारात त्याची किंमत पडली आहे. पुण्यात अप्पा बळवंत चौकात किंवा मुंबईत फोर्टला कायद्याच्या जुन्या पुस्तकांच्या दुकानांत चौकशी करा. तीच आवृत्ती मिळाली तर ती विकत घेऊन पावतीसह ग्रंथालयाला देऊ करा. पुस्तकाऐवजी पुस्तक घ्यायची सोय बहुतेक ग्रंथालयांच्या नियमांत असते, आणि ग्रंथपालांनाही हिशेबाला ते सोयीचं पडतं.

केंद्र सरकारच्या २०१७ च्या वित्तीय नियमांतला नियम २१५ या वादात वाचण्यासारखा आहे. वर्षभरात दिल्या-वाचल्या गेलेल्या दर हजार पुस्तकांमागे पाच हरवली तर ते वाजवी धरावं, अट एवढीच की त्यामागे बेइमानी किंवा हलगर्जी नसावी. एक हजार रुपयांवरचं पुस्तक गेलं तर मात्र चौकशी झालीच पाहिजे. पन्नास हजारांपर्यंतच्या ग्रंथालयाने निदान तीन वर्षांतून एकदा पूर्ण मोजदाद करायची, वीस हजारांपर्यंतच्याने दरवर्षी. राज्याच्या विद्यापीठावर हा नियम थेट बंधनकारक आहे असा दावा अर्जात करू नका, पण ‘या पुस्तकाची चौकशी केव्हा झाली आणि मोजदाद केव्हा झाली’ हे विचारायला तो चांगला आधार आहे.

पोलिसांच्या धमकीने झोप उडवून घेऊ नका. २०२३ चं प्रकरण, म्हणजे दंड संहिताच लागू. कलम ४०५ च्या फौजदारी विश्वासघाताला अप्रामाणिक हेतू लागतो, नुसता विसरभोळेपणा पुरत नाही. हे त्याच हरवलेल्या ग्रंथात सविस्तर दिलेलं आहे.

आता कागद. इथे तुमची बाजू भक्कम आहे, पण सगळे कागद एका मापाने मोजू नका. बी.ए.ची मूळ गुणपत्रकं तुमची आहेत. मूळ प्रमाणपत्रं संस्थेने स्वतःकडे ठेवायचीच नाहीत, पडताळून लगेच परत द्यायची, असं विद्यापीठ अनुदान आयोगाने (युजीसी) ऑक्टोबर २०१८ च्या अधिसूचनेत सांगितलं आहे. ती आजच लेखी मागा. शेवटच्या वर्षाचं गुणपत्रक म्हणजे तुम्ही दिलेल्या परीक्षेचा निकाल, पुस्तकाच्या वसुलीसाठी तारण ठेवलेली वस्तू नव्हे. करार कायद्याच्या कलम १७१ मध्ये सर्वसाधारण धारणाधिकार, म्हणजे येणं बाकी असेपर्यंत दुसऱ्याची वस्तू अडवून ठेवायचा हक्क, कुणाला आहे त्याची यादी आहे : बँका, आडते, गोदीवाले, हायकोर्टाचे ॲटर्नी, विम्याचे दलाल. त्यात ग्रंथालय नाही. वकिलांनाही फी थकली म्हणून पक्षकाराची फाइल अडवता येत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २००० साली आर. डी. सक्सेना खटल्यात दिला. आमच्या व्यवसायाला तो झोंबला, पण बरोबर होता. टीसी मात्र ‘नो ड्यूज’नंतरच द्यायचा असा नियम असू शकतो, आणि तो नियम सहजासहजी बेकायदा ठरणार नाही. म्हणून टीसीवर भांडत बसू नका, गुणपत्रकं आधी सोडवा.

प्रत्यक्षात असं करा. १,४५० रुपये (किंवा पुस्तकाची प्रत) आणि वर तुम्हाला रास्त वाटेल तेवढा उशिराचा दंड, माझ्या मते पाचशे पुरेत, डिमांड ड्राफ्टने पाठवा. सोबतच्या पत्रात वादातीत रक्कम भरत असल्याचं आणि बाकीची मागणी नाकारत असल्याचं लिहा. प्रवेशाच्या वेळी भरलेली ग्रंथालय अनामत त्यात वळती करून घ्यायला सांगा, ती बहुतेकजण विसरतात. पत्राच्या दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का घ्या, शिक्का देत नसतील तर स्पीड पोस्टाने पाठवा.

त्याच दिवशी माहिती अधिकाराचा अर्ज. दहा रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प, एकच विषय, दीडशे शब्दांच्या आत, आपल्या राज्याचा तसा नियमच आहे. मागायचं ते असं : दंडाच्या नियमाची आणि तो मंजूर करणाऱ्या ठरावाची प्रत, त्या दाखल अंकाच्या देवघेवीची पूर्ण नोंद, तुम्हाला पाठवलेल्या स्मरणपत्रांच्या प्रती, त्या ग्रंथाची नवी प्रत घेतली असल्यास तिची तारीख आणि किंमत. तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. माझा अनुभव असा की उत्तर यायच्या आधीच तडजोडीचा फोन येतो.

तोही नाही आला, तर विद्यापीठाच्या विद्यार्थी तक्रार निवारण समितीकडे जा. युजीसीच्या २०२३ च्या नियमांप्रमाणे समितीने शक्यतो पंधरा कामाच्या दिवसांत अहवाल द्यायचा असतो. तो पटला नाही तर पंधरा दिवसांत विद्यापीठाच्याच लोकपालाकडे अपील, तिथे साधारण तीस दिवस. त्या नियमांतला कागद अडवण्याचा मुद्दा शब्दशः वाचला तर अर्ध्यात शिक्षण सोडणाऱ्यांसाठी आहे, तेव्हा केवळ त्यावर विसंबू नका, जाहीर केलेल्यापेक्षा जास्त पैसे मागितल्याचा मुद्दाही लावा. ‘तुम्ही आता विद्यार्थी नाही’ असं उत्तर आलं तर विचारा, टीसी दिलाच नाही तर नाव कमी केव्हा झालं? ग्राहक आयोगात मात्र जाऊ नका, विद्यापीठाच्या वैधानिक कामाबद्दल २०१० च्या सुरजीत कौर निकालापासून ती वाट अडचणीची आहे. अगदी शेवटी उच्च न्यायालयात रिट याचिका. कोल्हापूरला १८ ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालंय आणि साताराही त्याच्या कक्षेत येतं, त्यामुळे आता मुंबईच्या फेऱ्या नाहीत. पण त्याचा खर्च पुस्तकाच्या कितीतरी पट होईल.

सनदेची तारीख अगदी दारात आली असेल तर सगळी रक्कम ‘हक्क अबाधित ठेवून’ असं पावतीवर किंवा सोबतच्या पत्रात लिहून भरा, कागद घ्या, आणि मग जादा पैसे परत मागत बसा. अकरा हजारांपायी सहा महिन्यांची वकिली घालवणं मला पटत नाही. सनदेचं शुल्क तरी आता हलकं झालंय : ३० जुलै २०२४ च्या गौरव कुमार निकालानंतर खुल्या वर्गाला ७५० आणि अनुसूचित जाती-जमातींना १२५ रुपयांवर बार कौन्सिलला नोंदणी शुल्क घेता येत नाही.

राहिला ग्रंथालय वापरण्याचा प्रश्न. विद्यार्थी म्हणून जो हक्क होता तो विद्यार्थी असेपर्यंतच. त्यानंतर प्रवेश मिळतो तो विद्यापीठाच्या धोरणाने. माजी विद्यार्थ्यांना बहुतेक ठिकाणी अनामत भरून तिथेच बसून वाचण्याची मुभा असते, पुस्तक घरी नेण्याची नसते, आणि संदर्भ विभागातले निवाड्यांचे जाडजूड खंड तर विद्यार्थ्यांनाही बाहेर नेता येत नाहीत. ऑनलाइन निवाड्यांच्या सेवांचा करार विद्यापीठाशी असतो, त्यात माजी विद्यार्थी सहसा नसतात. म्हणून एखाद्या ज्युनियरचा पासवर्ड घेऊन त्या वापरू नका, तिचं खातं बंद होईल. सर्वोच्च न्यायालयाचे निवाडे त्याच्याच ई-एससीआर या ऑनलाइन सेवेवर २०२३ पासून फुकट मिळतात, केंद्राचे आणि राज्यांचे कायदे सरकारच्या इंडिया कोड या संकेतस्थळावर आहेत. आणि सनद हाती आली की जिल्हा कोर्टातल्या बार असोसिएशनच्या ग्रंथालयाचं सभासदत्व घ्या. तिथे निवाडे छापणाऱ्या जुन्या ‘रिपोर्टर’ नियतकालिकांचे बांधीव खंड मिळतील, आणि कुठला निवाडा कुठल्या खंडात आहे ते तोंडपाठ असलेला एखादा जुना वकीलही बहुधा भेटेल.