जुन्या संगणकात पैसे घालावेत का?

प्रश्न : चौथ्या पिढीचा आय-५ प्रोसेसर, ८ जीबी रॅम, हार्ड डिस्क. लाइटरूम या फोटो संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये लग्नाचे रॉ (कॅमेऱ्यातले मूळ, मोठ्या आकाराचे) फोटो उघडताना संगणक अडकतो. काय बदलू? – एक वाचक, म्हापसा

उत्तर : फोटो मागेपुढे करताना टास्क मॅनेजर (कुठल्या भागावर किती ताण आहे ते दाखवणारी विंडोजची खिडकी) पाहा. डिस्क १०० टक्क्यांवर असेल तर ५०० जीबीचा साटा एसएसडी (हार्ड डिस्कपेक्षा वेगवान साठवण) बसवा. विंडोज आणि लाइटरूमचा कॅटलॉग (फोटोंची नोंदवही) त्यावर, जुने फोटो हार्ड डिस्कवरच. एसएसडी पुढे नव्या संगणकातही चालेल. रॅम वाढवायची तर, तुमची रॅम डीडीआर३ या जुन्या प्रकारची आहे, ती नव्या मदरबोर्डात बसणार नाही. सेकंडहँड स्वस्त मिळाली तरच घ्या. बसवताना रॅमच्या पट्टीचे सोनेरी टोक खोडरबराने पुसा, गोव्याच्या पावसाळ्यात ते काळवंडतं आणि कधी कधी संगणक सुरूच होत नाही. सीपीयूच (म्हणजे प्रोसेसर) कायम १०० टक्के दिसत असेल तर एक पैसाही घालू नका. शिवाय विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि विंडोज ११ च्या अधिकृत यादीत हा प्रोसेसर नाही.