न्यू जर्सीत मुलांसाठी खासगी शाळेची फी भरावी, की चांगल्या स्कूल डिस्ट्रिक्टमध्ये घर घ्यावं?

तुम्ही लिहिलंय त्यावरून मला कळलं ते असं. मध्य न्यू जर्सीत २०२१ साली घेतलेलं घर आहे, आजचा भाव साधारण ६ लाख डॉलर. त्या वेळी मिळालेल्या ३ टक्क्यांच्या कर्जातले साडेतीन लाख अजून फेडायचे आहेत. मुलगी दुसरीत आहे. मुलगा साडेतीन वर्षांचा असून त्याची स्पीच थेरपी डिस्ट्रिक्टच्या प्रीस्कूलमध्ये चालू आहे. गावच्या शाळेला दहापैकी पाच रेटिंग. आणि घरात वाद असा की मुलीला खासगी शाळेत घालावं, की घर विकून नावाजलेल्या शाळांच्या वेस्ट विंडसर-प्लेन्सबरो डिस्ट्रिक्टमध्ये (म्हणजे त्या दोन गावांच्या सरकारी शाळांच्या हद्दीत) नऊ लाखांचं घर घ्यावं.

तुमच्या जागी मी दोन्ही केलं नसतं. घर विकू नका, आणि फीच्या वाटेलाही जाऊ नका. मुलगी पाचवी संपवेपर्यंत आहात तिथेच राहा, मग ते घर भाड्याने द्या आणि स्वतः प्लेन्सबरोत भाड्याने जा. का, ते सांगायला जरा पाल्हाळ लागेल. मी पेशाने अकाउंटंट आहे, राहते प्लेन्सबरोतच, आणि माझी दोन्ही मुलं इथल्याच सरकारी शाळांत शिकली, तेव्हा माझा कल कुठे आहे हे ध्यानात ठेवूनच वाचा.

दर पॉटलकला कोणीतरी ऐकवतंच, ‘फी गेली ती गेली, घरातला पैसा घरातच राहतो.’ हे अर्धंच खरं. घरातला मुद्दलाचा भाग राहतो. व्याज, प्रॉपर्टी टॅक्स, विकता-घेतानाचा खर्च, यातलं काहीही परत येत नाही. तुलना करायची तर फीची बरोबरी याच न परतणाऱ्या पैशाशी करायला हवी. पूर्ण हप्त्याशी नाही, आणि घराच्या किमतीशी तर मुळीच नाही.

तुमचेच आकडे ठोकळमानाने मांडते. आज वर्षाचं व्याज साडेदहा हजारांच्या आसपास जातंय. घर विकून दलाली आणि बाकीचे खर्च वजा करता हातात दोन लाखांच्या वर येतील, त्यातून नऊ लाखांच्या घराचं वीस टक्के डाउन पेमेंट भागेल. उरलेलं कर्ज ७ लाख २० हजारांचं. साडेसहा टक्क्यांनी पहिल्या वर्षाचं व्याज जवळजवळ ४७ हजार. म्हणजे नुसत्या व्याजात वर्षाला ३६ हजारांची भर पडली. हप्ता आज सतराशेच्या आत आहे, तो साडेचार हजारांवर जाईल. प्रॉपर्टी टॅक्स आज दहा हजार असेल तर तिथे सतरा धरा. न्यू जर्सी या बाबतीत देशात सगळ्यांत महाग राज्य आहे आणि त्या बिलातला साधारण निम्मा पैसा शाळांनाच जातो. झाले ४३ हजार. यातून वजा काय होईल? इटेमाइझ केल्यावर, म्हणजे ठरावीक सरसकट वजावटीऐवजी व्याज आणि कर एकेक करून दाखवल्यावर, आठ-नऊ हजारांचा टॅक्स वाचेल, कारण राज्याच्या आणि स्थानिक करांच्या वजावटीवरची दहा हजारांची मर्यादा २०२५पासून ४० हजार झाली आहे. उत्पन्न पाच लाखांच्या वर असेल तर ती पुन्हा आक्रसते. तीन लाखांनी महाग घर वर्षाला तीन टक्क्यांनी वाढलं तर आणखी नऊ हजार. सगळं धरून पंचवीस हजारांच्या आसपास खरा खर्च, दरवर्षी.

समोर फी ठेवू. प्रिन्स्टनच्या आसपासच्या नावाजलेल्या डे स्कूल्स वरच्या इयत्तांना चाळीस ते पंचावन्न हजार घेतात, एका मुलाचे. तुम्हाला दोन आहेत. कॅथलिक हायस्कूल याच्या निम्म्याहूनही कमी फीत होतं, आणि तिथे आपली मुलं सर्रास जातात, धर्माचा बाऊ करायचं कारण नाही. पण दोन मुलं आणि महागडी शाळा असं समीकरण असेल तर घर सहज जिंकतं. एकच मूल आणि कॅथलिक शाळा असेल तर पारडं फीकडे झुकतं. मुलांची संख्या हा या गणितातला सर्वांत मोठा आकडा आहे, व्याजदरही त्याच्या खालोखाल. एका मुलावर थांबलेली जोडपी आणि तीन मुलांचे आईबाप एकमेकांना या विषयावर सल्ले देताना दिसतात, तेव्हा मला गंमत वाटते.

अमेरिकेत घराच्या किमतीत शाळा किती मुरलेली असते याचा एक छान अभ्यास आहे. सॅन्ड्रा ब्लॅक या अर्थतज्ज्ञ बाईंनी १९९९ साली तो प्रसिद्ध केला. बोस्टनच्या उपनगरांत शाळांच्या हद्दीची रेघ जिथून जाते तिथल्या, रेघेच्या दोन बाजूंच्या घरांची त्यांनी तुलना केली. गाव तेच, कर तेच, वस्ती तीच, फक्त प्राथमिक शाळा वेगळी. प्राथमिक शाळेचे परीक्षेतले गुण पाच टक्क्यांनी जास्त, तर घराची किंमत साधारण अडीच टक्क्यांनी जास्त, असं निघालं. म्हणजे ‘चांगल्या शाळेचं घर स्वस्तात पडलं’ असं सहसा होत नसतं. तुमच्या आधी शंभर आईबापांनी तोच विचार केलेला असतो, आणि तो किमतीत आलेला असतो. एडिसनमध्ये बघा ना. एकच टाउनशिप, एकच स्कूल बोर्ड, पण उत्तरेकडच्या पत्त्यावर जे. पी. स्टीव्हन्स हायस्कूल मिळतं आणि दक्षिणेकडे एडिसन हायस्कूल. रविवारी तिथल्या ओपन हाउसला गेलात तर दाराशी बुटांवर चढवायच्या निळ्या पिशव्या, किचनच्या ओट्यावर माहितीचा कागद, आणि त्या कागदावर घराच्या क्षेत्रफळाच्याही आधी हायस्कूलचं नाव.

ही रेघ कायमची नसते, हेही लक्षात घ्या. पटसंख्या वाढली की बोर्ड हद्दी पुन्हा आखतं. घर घेणारा तीस वर्षांचं कर्ज घेतो, पण शाळेची हद्द त्याला कोणी लिहून देत नाही.

आता त्या रेटिंगबद्दल. घरविक्रीच्या संकेतस्थळांवर दिसणारा दहापैकी आकडा मुख्यतः परीक्षेच्या गुणांवर चालतो, आणि गुण बऱ्याच अंशी आईबापांच्या शिक्षणाचे आणि पगाराचे असतात. शाळा मुलाला कुठून कुठे नेते ते त्यात नीट कळत नाही. न्यू जर्सीचा शिक्षण विभाग प्रत्येक शाळेचा स्कूल परफॉर्मन्स रिपोर्ट काढतो, फुकट असतो, तो उघडा. त्यात स्टुडंट ग्रोथ पर्सेंटाइल नावाचा आकडा असतो: वर्षभरापूर्वी जी मुलं एकाच पातळीवर होती त्यांच्यात या शाळेतली मुलं किती पुढे सरकली. पाच रेटिंगच्या शाळेत हा आकडा पन्नासच्या वर असेल तर शिक्षक कामाचे आहेत असं समजायला हरकत नाही. त्याच रिपोर्टात वारंवार गैरहजर राहणाऱ्या मुलांची टक्केवारी असते, तीही बघा. शाळेचं वातावरण तिथे जास्त दिसतं.

प्राथमिक शाळेपुरता तर मी इतका जीव काढणार नाही. घरी पुस्तकं आहेत, आईबाप संध्याकाळी सोबत बसतात, अशा मुलाचं चौथी-पाचवीपर्यंत मध्यम शाळेत काही बिघडत नाही. फरक पडायला लागतो तो सहावी-सातवीत. गणिताचे गट वेगळे होतात, सोबत कोण आहे याला वजन येतं, आणि हायस्कूलला कोणते कोर्स उपलब्ध आहेत हे ठरवणारी वाट तिथूनच सुरू होते. म्हणून पाचवीपर्यंत थांबा म्हणते. दुसरीतल्या मुलीसाठी आत्ताच फी सुरू केली तर बारावीपर्यंत अकरा वर्षं भरावी लागेल, आणि धाकट्याला ‘तुला नाही’ कुठल्या तोंडाने म्हणणार? माझ्या जाऊबाईंनी पहिल्याला घातलं आणि दुसऱ्याच्या वेळी हेच झालं. दीर दुसऱ्या नोकरीसारखे शनिवार-रविवार कन्सल्टिंग करतात.

ज्या डिस्ट्रिक्टकडे तुम्ही डोळे लावून बसला आहात तिथलं दुसरं अंगही ऐका. २०१५ साली वेस्ट विंडसर-प्लेन्सबरोचे सुपरिंटेंडंट (डिस्ट्रिक्टचे प्रमुख) डेव्हिड अॅडरहोल्ड यांनी पालकांना सोळा पानांचं पत्र लिहिलं. मुलांवरचा ताण हाताबाहेर चाललाय, आदल्या वर्षात १२० मुलांना मानसिक आरोग्य तपासणीसाठी पाठवावं लागलं आणि ४० जणांना रुग्णालयात, असं त्यात होतं. पुढे हायस्कूलच्या सहामाही आणि वार्षिक परीक्षा बंद झाल्या, काही रात्री गृहपाठाला सुट्टी मिळाली. यावरून गाव उभं दुभंगलं, आणि विरोध करणाऱ्यांत आपण भारतीय आणि चिनी पालक पुढे होतो. त्या दिवसांत बोर्डाच्या बैठकीत माइकसमोर उभं राहून तावातावाने बोलणारे लोक संध्याकाळी मुलांना कुमॉनच्या शिकवणीला सोडताना भेटायचे. आता बरंच निवळलंय. तरी बऱ्याच मुलांनी कॅल्क्युलस अकरावीत संपवलेलं असतं अशा वर्गात तुमची मुलगी खुलेल की मिटेल, हे रेटिंग सांगणार नाही. तिला ओळखणारे तुम्हीच.

माझा तिसरा मार्ग आकड्यांत असा दिसतो. तुमचं घर महिना साडेतीन हजारांनी गेलं असं धरू, वर्षाचे ४२ हजार. हप्ता, टॅक्स, विमा आणि किरकोळ दुरुस्ती मिळून ३६-३७ हजार. वर पाच हजार उरले, पण महिना-दोन महिने घर रिकामं राहिलं तर तेही जाऊ शकतात, म्हणजे शून्य धरा. प्लेन्सबरोत दोन बेडरूमचं अपार्टमेंट अडीच-पावणेतीन हजारांत मिळतं. फॉक्स रन, हंटर्स ग्लेन, क्वेल रिज ही नावं तुम्ही ऐकली असतीलच, या कॉम्प्लेक्सेसमध्ये संध्याकाळी खाली उतरलं की मराठी कानावर पडतं. म्हणजे आज राहण्यापायी जितकं जातं तितकंच, कदाचित थोडं कमीच जाईल. जाते ती जागा. बेसमेंट नाही, अंगण नाही, सासू-सासरे सहा महिने आले की हॉलमध्ये अंथरुणं. हे ज्यांना झेपत नाही त्यांच्यासाठी हा मार्ग नाही, आणि त्यात कमीपणा काही नाही. पण ३ टक्क्यांचं कर्ज आता पुन्हा मिळायचं नाही, ते हातचं घालवायला मला फार मोठं कारण लागेल.

यातली एक गोम ठाऊक असू द्या. राहतं घर विकताना पतिपत्नीला पाच लाखांपर्यंतच्या नफ्यावर केंद्राचा टॅक्स लागत नाही, पण अट अशी की विक्रीच्या आधीच्या पाच वर्षांत किमान दोन वर्षं तुम्ही स्वतः तिथे राहिलेलं असलं पाहिजे. म्हणजे बाहेर पडल्यापासून तीन वर्षांच्या आत निर्णय घ्यायचा: विकायचं की भाड्याचं घर म्हणून कायम ठेवायचं. शिवाय भाड्याच्या काळात घेतलेला घसारा (घराच्या झिजेपोटी करात मिळणारी वजावट) विकताना टॅक्सच्या हिशेबात येतोच. कॅलेंडरवर तारीख टाकून ठेवा.

आणि कोणी ‘माझ्या भावाचा पत्ता लाव, कशाला भाडं भरतोस’ असं सुचवलं तर ऐकू नका. डिस्ट्रिक्ट लीज मागतं, विजेची बिलं मागतं, शंका आली तर सकाळी घरी माणूसही पाठवतं. खोटं निघालं तर न्यू जर्सीत जितके दिवस मूल शाळेत गेलं तितक्या दिवसांची शाळेची फी डिस्ट्रिक्टला वसूल करता येते.

मुलाच्या स्पीच थेरपीचा मुद्दा तुम्ही शेवटी, कंसात लिहिलाय. मी तो पहिला ठेवीन. सरकारी शाळेत त्याचा आयईपी, म्हणजे त्याला कोणती खास मदत मिळेल याची लेखी योजना, हा कायद्याने दिलेला हक्क आहे. न्यू जर्सीतल्या दुसऱ्या डिस्ट्रिक्टला गेलात तरी तिथल्या लोकांना तशाच सेवा चालू ठेवाव्या लागतात. तुम्ही होऊन खासगी शाळेत घातलंत की तो वैयक्तिक हक्क उरत नाही. सरकारी पैशातून थोड्या सेवा तिथेही पोचतात, पण किती आणि कशा, ते तुमच्या हातात राहत नाही. आणि प्रवेश देताना ‘आमच्याकडे याची सोय नाही’ असं गोड शब्दांत सांगणाऱ्या शाळा काही कमी नाहीत. निदान त्याची थेरपी संपेपर्यंत खासगीचा विचार बाजूला ठेवा.

व्हिसाबद्दल तुम्ही काहीच लिहिलं नाहीत. ग्रीन कार्ड हातात असेल तर हा परिच्छेद सोडून द्या. दोघेही एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर असाल आणि ग्रीन कार्डसाठी ईबी-टूच्या रांगेत असाल, तर साडेचार हजारांचा हप्ता डोक्यावर घेण्याआधी एकाच पगारावर तो किती महिने निघेल ते कागदावर मांडा. नोकरी गेली तर नवा एम्प्लॉयर शोधायला जास्तीत जास्त साठ दिवस मिळतात. तेवढ्यात अपार्टमेंटची लीज मोडता येते, एक-दोन महिन्यांचं भाडं भुर्दंड म्हणून जाईल. नऊ लाखांचं घर तेवढ्यात विकून मोकळं होणं कठीण. तुमची नेमकी स्थिती कमेंटमध्ये लिहा, आकडे पुन्हा मांडून देते.